घरात कसला तरी वास येतोय? आधी तो गॅस नाही ना हे ठरवा, मग बाकीचं बघा

‘घरात गॅसचा वास येतोय’ असा फोन आला की मी आधी एकच विचारतो : आत्ता येतोय का? हो म्हणाले की पुढचं बोलणं बंद. कुठलंही बटण न दाबता, सगळ्यांना घेऊन बाहेर या, बाकीचं बाहेर आल्यावर बोलू.

मी प्लंबिंग आणि गॅस फिटिंगची कामं करतो, आणि माझ्या वाट्याला बहुतेक जुनी घरंच येतात. जुन्या घरात पाइप कुणी टाकले, कुठून नेले, मधल्या दुरुस्तीत कुठले तोडले आणि कुठले तसेच भिंतीत सोडले, हे घरमालकालाही माहीत नसतं. अशा घरात वास आला की सगळ्यांचं बोट गॅसकडे जातं. पुष्कळदा तो गॅस नसतोच. पण ‘गॅस नसेल’ असं म्हणून कुणी नाहाणीची जाळी उघडून बसलं की मला राग येतो. गॅस नाही हे आधी ठरवायचं, मग इतर वास शोधायचे. हा क्रम उलटा करायचा नाही.

वास आत्ता, या क्षणी येत असेल तर

शेगडीच्या कळा बंद करा. रेग्युलेटर किंवा पाइपलाइनचा कॉक हाताशी असेल तर तोही बंद करा. दारं-खिडक्या सताड उघडा आणि बाहेर पडा. वास उग्र असेल किंवा गॅस सुटल्याचा ‘सूंऽ’ आवाज ऐकू येत असेल, तर कॉकच्या मागेही लागू नका, सरळ निघा.

विजेच्या बटणाला हात लावायचा नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याचा अर्थ ‘दिवा लावायचा नाही’ एवढाच घेतला जातो. दिवा चालू असेल तर तो बंदही करायचा नाही. बटण बंद करतानाही आत ठिणगी पडते, उलट चालू वीज तोडताना ती जास्तच पडते. एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवू म्हणणारे भेटतात. तेही नको. फ्रिजचा प्लग ओढायला धावू नका. मेन स्विच घराबाहेर असेल, वासापासून लांब, तर तिथून वीज बंद करता येते. वास येतोय त्याच खोलीत असेल तर त्याला विसरा. शेजाऱ्यांना उठवायचं तर दार वाजवा, बेल नको. गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर आणि अग्निशमन दलाला फोन करायचा तो बाहेर उभं राहून. त्यांची माणसं ‘आता हरकत नाही’ म्हणेपर्यंत ‘एकदा बघून येतो’ हा प्रकार नको.

आपल्या घरात कुठला गॅस आहे हे आजच बघून ठेवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो फरशीलगत पसरतो, पायऱ्या उतरतो, मोरीत आणि तळघरात साठतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो वर चढतो, छताशी आणि माळ्यावर कोंडतो. नैसर्गिक गॅस हवेत ५ ते १५ टक्के झाला की पेटू शकतो. सिलिंडरच्या गॅसला २ टक्क्यांच्या आसपासच पुरतं.

नाकावर किती विसंबायचं

गॅसला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन जातीच्या द्रव्याचा. १८ मार्च १९३७ला टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली नैसर्गिक गॅस गळून साठला होता. वास नव्हता, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. एका यंत्राच्या ठिणगीने स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने सक्तीचं झालं, आणि ती पद्धत सगळीकडे पसरली. हिशेब साधारण असा ठेवतात, की गॅस पेटण्याच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्शाला पोचायच्या आतच माणसाला वास यावा. म्हणजे वास आला याचा अर्थ अजून वेळ आहे. पण वेळ आहे म्हणून शोधत बसायचं नसतं.

(एक गंमत सांगतो. त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या तेल कंपनीच्या माणसांना दिसलं की लांब पाइपलाइनवर जिथे गळती आहे तिथे आकाशात गिधाडं घिरट्या घालतायत. मर्कॅप्टनचा वास सडक्या मांसासारखा, म्हणून ती येत. ते मग गळती शोधायला गिधाडांवर नजर ठेवू लागले.)

नाकाची खोट ही, की ते सरावतं. स्वयंपाकघरात दहा मिनिटं बसलेल्या माणसाला वास कमी झालाय असं वाटतं. वास तेवढाच असतो. सर्दी झालेल्याला, वय झालेल्याला कमी कळतं, आणि काहींना हा वास मुळातच येत नाही. शिवाय वास गॅसपासून सुटाही होतो. जमिनीखालच्या पाइपातून गळलेला गॅस मातीतून वर येताना माती वास शोषून घेते. नव्या लोखंडी पाइपात किंवा गंजलेल्या टाकीतही तो मरतो. म्हणून ‘मघाशी येत होता, आता गेला’ याला मी पुरावा मानत नाही. खात्री करायची तर मोकळ्या हवेत जाऊन या आणि मग आत शिरा, नाहीतर बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. दारातून पाऊल टाकताना त्याला पहिल्या श्वासात जे येईल, ते खरं धरायचं.

सिलिंडर संपत आला की वास वाढतो, ही तक्रार खोटी नसते. मर्कॅप्टन गॅसइतकं पटकन उडत नाही, त्यामुळे तळाला राहिलेल्या गॅसात त्याचं प्रमाण वाढतं. तरी जोड तपासूनच ठेवा.

फेस लावून बघणं

वास अगदी पुसट आहे, घर मोकळं केलंय, कुठे आवाज नाही, कुठे भपका नाही, अशा वेळी उघड्यावर दिसणारे जोड आपले आपण तपासता येतात. काडी ओढून बघणारी माणसं अजून आहेत, म्हणून लिहितो : काडी नाही, लायटर नाही, उदबत्तीचा धूरही नाही.

माझ्या पिशवीत एक जुना दाढीचा ब्रश असतो. वाटीत थोडं पाणी, त्यात भांड्यांचा पातळ साबण, आणि ब्रशने चांगला दाट फेस. स्प्रेने पाणी उडवणारे फिटर असतात, पण उडवलेलं पाणी ओघळून जातं. ब्रशने लावलेला फेस जोडाला धरून राहतो, आणि आपल्याला बघायला वेळ मिळतो. शेगडी पेटलेली किंवा नुकतीच विझवून तापलेली नको. बर्नरच्या कळा बंद, पण रेग्युलेटर किंवा कॉक चालू. नळीत दाब नसेल तर फेसात काही दिसणार नाही. रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडाला बसतो तिथे, मग नळीचं एक टोक, दुसरं टोक, मग कळांच्या दांड्याभोवती असं लावत जायचं. लावलं आणि पुढे गेलं असं नाही. एकेका जोडाशी मिनिटभर थांबायचं. मोठी गळती फेस उडवून लावते, ती लगेच कळते. बारीक गळती हळूहळू कळते : आधी काहीच नाही, मग फेसाच्या कडेला एक बुडबुडा, तो फुटतो, आणि नेमक्या त्याच जागी दुसरा. जागा तीच असेल तर गळती आहे. इकडे-तिकडे आपोआप फुटणारे बुडबुडे साबणाचे असतात.

नळी नुसती टोकाला बघू नका. शेगडीमागे जिथे वाकते तिथे बोटांनी हलकी वाकवून बघा. भेगा सरळ नळीत दिसत नाहीत, वाकवली की तोंड उघडतात. नळीवर छापलेली मुदत संपली असेल तर तिला फेस लावत बसू नका, बदला. सिलिंडरच्या तोंडातलं रबरी वॉशर झिजलंय किंवा गायब आहे, हेही गळतीचं नेहमीचं कारण.

गळती दिसली की गॅस बंद आणि फिटरला बोलावणं. पान्याने जोड आवळायचा मोह सगळ्यांना होतो. जुन्या जोडाला पीळ बसला की गळती थांबण्याऐवजी पुढचा जोड सुटतो.

पाइपलाइन भिंतीतून गेली असेल तर फेस कुठे लावणार? तिथे मीटर कामाला येतो. घरातली गॅसवर चालणारी प्रत्येक वस्तू बंद करा, मीटरचा आकडा दशांशासकट लिहून ठेवा, अर्धा-पाऊण तास कुणी काही पेटवायचं नाही, मग परत बघा. आकडा हलला तर गळती नक्की. नाही हलला तरी बारीक गळती नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, ते काम दाब लावून तपासणाऱ्याचं.

जुन्या लोखंडी पाइपांचे आटे सफेदा (पांढरा लेप) आणि ताग गुंडाळून बसवलेले असत. ताग वाळला की आकसतो. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशापासून केलेला ओलसर गॅस बंद करून घरोघर कोरडा नैसर्गिक गॅस दिला, तेव्हा जुन्या जोडांतला ताग सुकून गळती वाढली होती. घर जुनं आणि पाइपही जुने असतील, तर वास येवो न येवो, एकदा सगळी लाइन दाबाखाली तपासून घ्या. आणि भिंतीतून बाहेर डोकावणारं, टोपण मारलेलं कुठलंही पाइपाचं तोंड ‘हे जुनं आहे, बंद आहे’ म्हणून कापू नका. बंद आहे हे सांगणारा माणूस घर विकून गेलेला असतो.

गॅस नाही हे ठरलं, तरी वास आहेच

मग मी घरच्यांना विचारतो : कुठे, कधी, आणि तेव्हा घरात काय चालू असतं? कसला वास येतो हे शेवटी. वासाचं वर्णन प्रत्येक जण वेगळं करतं, वेळ आणि जागा मात्र चुकत नाहीत.

एका जुन्या घरी रोज संध्याकाळी कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. गॅस कंपनीची माणसं सकाळी येऊन तपासून गेली होती, काही सापडलं नव्हतं. आजी म्हणत होत्या, “अहो, रोज दिवेलागणीला येतो, मला काय वेड लागलंय का?” आजींना वेड लागलेलं नव्हतं. संध्याकाळी थंडीमुळे खिडक्या लावायच्या आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू व्हायचा. आजी खालच्या खोलीत राहायला आल्यापासून मागच्या बाजूची नाहाणी कुणी वापरत नव्हतं. मी पातळ कागदाची पट्टी फाडली आणि नाहाणीच्या जाळीवर धरली. फॅन बंद असताना पट्टी सरळ लोंबत होती. सुनेला फॅन लावायला सांगितलं, तशी पट्टी वर उचलली गेली आणि तोंडावर गटाराचा भपका आला. जाळीत दोन तांबे पाणी ओतलं, गुडगुड झाली, पट्टी पुन्हा खाली लोंबली. फॅन चालूच होता.

घडतं ते असं. प्रत्येक नाहाणीच्या, बेसिनच्या खाली ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपात, पाच-एक सेंटिमीटर पाणी साठून राहतं, आणि तेवढं पाणीच गटाराची हवा घरात येण्यापासून रोखतं. वापर नसेल तर काही आठवड्यांत ते उडून जातं. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावी लागते. खिडक्या बंद, मग ती सुकलेल्या ट्रॅपमधून येते. उपाय फुकटचा आहे : न वापरलेल्या प्रत्येक जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी. लांब गावाला जाणार असाल तर पाण्यावर दोन चमचे तेल ओता, पाणी लवकर उडत नाही.

पाणी ओतूनही दोन दिवसांत वास परत आला तर गोष्ट वेगळी. कदाचित ट्रॅपला चीर असेल. फार जुन्या घरात ट्रॅप नसतोच, सरळ पाइप गटारात. किंवा वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की खालच्या बेसिनमध्ये गुडगुड होते आणि ट्रॅपचं पाणी ओढलं जातं. याचा अर्थ छतापर्यंत गेलेला व्हेंट पाइप, म्हणजे गटाराच्या पाइपात हवा खेळवणारा उभा पाइप, तुंबलाय. त्यात पक्ष्याचं घरटं असतं, नाहीतर गच्चीच्या कामात कुणी तो कापून सिमेंटने बंद केलेला असतो. ‘काय तो नुसता उभा पाइप’ म्हणून! कमोड बसल्यावर किंचित डुगडुगत असेल तर खालचं सील गेलेलं असतं. वॉशिंग मशीनची नळी जिथे नुसती भोकात खुपसलेली आहे, तिथेही नाक लावा.

बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून आत वाकू नका, उतरायचं तर नावच नको. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे कुजक्या अंड्यासारख्या वायूचा, वास अगदी थोड्या प्रमाणात येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) घरात गेलं की नाक बधिर होतं. वास थांबला असं वाटतं, आणि माणूस कोसळतो.

कुजक्या अंड्याचा वास येण्याची आणखी एक जागा आहे, आणि ती फार थोड्यांना सुचते : इन्व्हर्टरची बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरी जास्त चार्ज होऊन तापली की हायड्रोजन सल्फाइडच सोडते, सोबत हायड्रोजन, जो स्फोटक. बॅटरीला हात लावायच्या आधी खोली मोकळी करा. मग हात जवळ नेऊन ऊब बघा, पोट फुगलंय का बघा. फुगली असेल तर वायरी काढायला जाऊ नका, ठिणगी पडते. चार्जिंगचा पुरवठा लांबून, मेन बोर्डावरून बंद करायचा आणि माणूस बोलावायचा.

नळाच्या पाण्याला वास येतो म्हणणाऱ्यांना मी ग्लासभर पाणी घेऊन दुसऱ्या खोलीत जायला सांगतो. तिथे ग्लासातल्या पाण्याला वास नसेल तर दोष पाण्याचा नाही, बेसिनखालच्या पाइपाचा आहे. फक्त गरम पाण्याला येत असेल तर साठवणीच्या गीझरमध्ये जीवाणू झालेत आणि आतल्या मॅग्नेशियमच्या दांडीशी मिळून वास तयार होतोय. टाकी धुऊन घ्या.

मासळीसारखा किंवा लघवीसारखा वास, तोही स्विच बोर्डाच्या आसपास, याला मी गॅसइतकंच मानतो. जुन्या बोर्डाचं, होल्डरचं प्लास्टिक तापून असा वास येतो. पालथा हात बोर्डाजवळ न्या. गरम लागला तर त्या भागाचा पुरवठा मेनवरून तोडा, आणि वायरमन येईपर्यंत तिथलं काही वापरू नका.

बाकीचे वास त्रासाचे, पण जिवावरचे नाहीत. फ्रिजमागची पाणी साठणारी ताटली, कोपऱ्यात कुजलेला बटाटा (याचा वास हुबेहूब गॅससारखा येतो), माळ्यावर मेलेला उंदीर, ओल धरलेल्या भिंतीचा कुबट वास. मेलेल्या उंदराचा वास चढतो आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतो. माश्या कुठे बसतात ते बघा. ताज्या रंगाच्या खोलीत शेगडी पेटवली तर एक विचित्र, तिखट वास येतो. रंगाची वाफ ज्योतीत जळत असते. दोन दिवस हवा खेळू द्या.

ज्याला वासच नाही

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि जुन्या घरांच्या बाबतीत माझी सगळ्यात मोठी काळजी हीच. जुनी घरं फटींमधून श्वास घेत असतात. लोक नव्या, घट्ट बसणाऱ्या खिडक्या लावतात, झरोके बुजवतात, आणि न्हाणीघरातला गॅस गीझर तसाच ठेवतात. मग त्याला जळायला हवा पुरत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी धरून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, घरातल्या सगळ्यांनाच एकदम, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं. असं होत असेल तर ते ‘हवामान’ नाही. बाहेर पडा, गीझर बंद ठेवा आणि डॉक्टरांना संशय बोलून दाखवा, नाहीतर डोकेदुखीची गोळी मिळते. ज्योत निळ्याऐवजी पिवळी होणं, गीझरच्या आसपास काजळी धरणं, या दोन खुणा दिसल्या तरी वापर थांबवा. पण निळी ज्योत म्हणजे सगळं ठीक, असंही नाही.

अलार्म घ्यायचा तर दोन वेगळे घ्यावे लागतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गॅसगळती ओळखत नाही आणि गळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. सिलिंडर असेल तर गळतीचा अलार्म फरशीजवळ, नैसर्गिक गॅस असेल तर छताजवळ. पाठीमागे मुदत छापलेली असते, ती संपल्यावर दिवा लुकलुकत राहिला तरी तो शोभेचा.

फिटर येण्याआधी

वास येऊन-जाऊन असेल तर एका कागदावर वेळ लिहीत जा. सोबत फॅन, गीझर, मशीन, खिडक्या, पाऊस, वरच्यांचा फ्लश, जे चालू होतं ते. मी तो कागद आधी वाचतो आणि मग बॅग उघडतो. आणि कृपा करून, मी येणार म्हणून घर फिनेलने पुसू नका, रूम फ्रेशनर मारू नका. मागे एका काकूंनी माझ्यासाठी सगळं घर गुलाबाच्या वासाने भरून ठेवलं होतं. त्यांना खिडक्या उघडायला सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी, काही न फवारता, परत बोलवायला सांगितलं.